कोड चालतोय, तरी पॅच परत का येतो?

फेब्रुवारी-मार्च उजाडला की मुंबई-ठाण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ‘गूगल समर ऑफ कोड’ची, म्हणजे नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम करायला देणाऱ्या गूगलच्या उपक्रमाची, लगबग सुरू होते. अर्जात वजन यावं म्हणून मुलं एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पातला छोटा बग शोधतात, रात्र जागून दुरुस्त करतात आणि पाठवून देतात. दोन-तीन दिवसांनी उत्तर येतं. ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली आहे. शीर्षक नीट लिहा. यात दोन कामं मिसळली आहेत, वेगळी करा. बग गेला की नाही, याबद्दल एक अक्षरही नसतं. घरात कुणाला सांगावं तर प्रश्न येतो, ‘चालतंय ना? मग परत कशाला पाठवलं?’

प्रश्न रास्त आहे. शाळेतल्या वहीत समास आखला नाही म्हणून गुण कापावेत, तसं हे वरवर दिसतं. पण ज्या सॉफ्टवेअरवर फोन, बँका आणि दवाखान्यातली यंत्रं उभी आहेत, तिथे या समासाची किंमत फार मोठी आहे. ती का, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी चार शब्द

तुमच्या फोनमधलं ॲप थेट बॅटरीशी, स्क्रीनशी किंवा मेमरीशी बोलत नाही. मध्ये एक थर असतो, तो सगळ्यांना मेमरी आणि प्रोसेसरचा वेळ वाटून देतो. त्याला कर्नल म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये हा थर लिनक्सचा असतो. कर्नल, माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर, नेटवर्कच्या लायब्रऱ्या अशा तळाशी बसणाऱ्या गोष्टी म्हणजे सिस्टीम सॉफ्टवेअर. ॲप बिघडलं तर ॲप बंद पडतं. कर्नल बिघडला तर सगळंच बंद पडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे बंद न पडता चुकीचं चालत राहतं.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता आणि सुधारता येतो. सुधारणा ज्या रूपात पाठवतात, ते पॅच. त्यात फक्त गाळलेल्या आणि घातलेल्या ओळी असतात. पॅच तपासून आत घ्यायचा की नाही हे ठरवणारा तो मेंटेनर, आणि त्याची किंवा इतरांची ती तपासणी म्हणजे रिव्ह्यू. पुढचं सगळं या चार शब्दांवर चालेल: कर्नल, पॅच, मेंटेनर, रिव्ह्यू.

आता थोडा आकडा. लिनक्सचा कोड सुमारे ४ कोटी ओळींचा आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि एकेका आवृत्तीत साधारण २,००० माणसांचे १२ ते १५ हजार बदल असतात. दिवसरात्र धरून तासाला आठ-नऊ बदल झाले. बहुतेक माणसं एकमेकांना कधी भेटलेली नसतात. निम्म्यांची भाषा वेगळी, घड्याळ वेगळं, मालक वेगळा.

करंटला रंग कळत नाही

लोहार चाळीतून वायर आणली तर दुकानदार विचारतो, लाल, काळी की हिरवी? तांबं तिन्हींत सारखंच. करंटला रंग कळत नाही. फेज हिरव्या वायरीतून नेला तरी पंखा फिरेल, दिवा लागेल. म्हणजे ‘चालतंय ना?’ या परीक्षेत ते काम पास आहे.

पण आठ वर्षांनी दुसराच वायरमन बोर्ड उघडतो. हिरवी म्हणजे अर्थिंग, ही त्याच्या हाताला लागलेली सवय. तो तिला बेधडक हात लावतो.

कोडची शैली म्हणजे हा वायरचा रंग. ओळ किती आत सरकवायची, कंस कुठे उघडायचा, नाव कसं ठेवायचं, यातलं काहीही संगणकाला कळत नाही. कंपायलर मोकळ्या जागा फेकून देतो. शैली असते ती पुढे बोर्ड उघडणाऱ्या माणसासाठी. सिस्टीम सॉफ्टवेअरमध्ये कोड एकदा लिहिला जातो आणि पुढची वीस-वीस वर्षं वाचला जातो, बहुतेक वेळा रात्री काहीतरी बंद पडलेलं असताना.

वाचणाऱ्याची नजर थकते, हे यातलं मूळ आहे. सगळा कोड एका वळणाचा असेल तर नजर वळणावर खर्च होत नाही, आणि जे वेगळं आहे ते आपोआप टोचतं. प्रत्येक फाइल निराळ्या वळणाची असेल तर सगळंच वेगळं दिसतं आणि खरी चूक त्यात लपून जाते. मेंटेनरचं लक्ष हीच अशा प्रकल्पातली सगळ्यांत तुटपुंजी वस्तू आहे.

दोनदा लिहिली गेलेली एक ओळ

२०१४च्या फेब्रुवारीत ॲपलने आयफोनसाठी घाईने एक दुरुस्ती काढली. सुरक्षित वेबसाइटशी जोडणी करताना समोरचा खरा आहे की तोतया, हे तपासणाऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एका तुकड्यात, बिघाड होता. त्या भागाचा कोड ॲपलने खुला ठेवलेला असल्याने जगभरच्या लोकांनी तो लगेच वाचून काढला.

तिथे एकाखाली एक तपासण्या होत्या. प्रत्येकीची रचना अशी: या पायरीत त्रुटी आली, तर खालच्या ‘फेल’ या खुणेकडे उडी मार. एका ठिकाणी ती उडीची ओळ दोनदा उतरली होती. सी भाषेत महिरपी कंस नसतील तर ‘जर’ची सत्ता फक्त पुढच्या एका विधानावर चालते. म्हणून पहिली उडी अटीवर होती, दुसरी बिनशर्त. पण दुसरी ओळही तितकीच आत सरकवलेली असल्याने वाचणाऱ्याला तीसुद्धा अटीखालीच वाटे. परिणाम असा की त्यापुढची तपासणी कधी झालीच नाही, आणि तोवर त्रुटीचा आकडा शून्य असल्यामुळे फंक्शनने ‘सगळं ठीक’ असं उत्तर दिलं. स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसलेला कुणीही बँकेची वेबसाइट असल्याची बतावणी करू शकला असता.

कंस घातले असते तर दुसरी ओळ कंसाबाहेर पडून डोळ्यात भरली असती, किंवा आत राहून निरुपद्रवी झाली असती. जीसीसी या कंपायलरने २०१६च्या सहाव्या आवृत्तीत ‘सरकवणी दिशाभूल करते आहे’ असा इशारा नेहमीच्या इशाऱ्यांत घातला, तो अशाच चुकांसाठी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लिनक्सचा नियम याच्या नेमका उलट आहे: एकच विधान असेल तर कंस घालू नका. क्यूएमू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रकल्पाचा नियम म्हणतो, एक विधान असलं तरी कंस हवाच. दोन्ही प्रकल्प नावाजलेले, दोन्हींत उत्तम माणसं. मला स्वतःला क्यूएमूचा नियम जास्त सुरक्षित वाटतो. पण लिनक्समध्ये पॅच पाठवायचा तर लिनक्सचा नियम पाळायचा, कारण एका प्रकल्पात दोन रंगसंहिता असणं हे कुठल्याही एका संहितेपेक्षा धोक्याचं आहे.

आठ जागांचा टॅब आणि लग्नाचा हॉल

लिनक्सची शैली-संहिता मोठी नाही, तासाभरात वाचून होते. तिच्यातले काही नियम चवीचे आहेत, पण बरेच पोटात कारण घेऊन आलेले आहेत.

सरकवणी टॅबने करायची आणि टॅब आठ जागांचा. नव्या माणसाला हे फार वाटतं, दोन-तीन पायऱ्या आत गेलं की उजवीकडे जागाच उरत नाही. पण तेच हवं आहे. तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर फंक्शनच गुंतागुंतीचं झालं आहे, ते फोडा, असं संहिता सरळ म्हणते. फंक्शन एकच काम करणारं असावं, पडद्यावर एक-दोन वेळा सरकवून पूर्ण दिसावं आणि त्यात पाच ते दहापेक्षा जास्त व्हेरिएबल नसावेत, कारण माणसाला एका वेळी सात-आठ गोष्टींपलीकडे डोक्यात धरता येत नाहीत. ओळीची लांबी ८० अक्षरांची धरली जायची. २०२०मध्ये तपासणीच्या साधनात ती मर्यादा १००वर नेली, तरी ८० अजूनही पसंतीची आहे.

नावांबद्दलचा नियम मला फार आवडतो. सगळ्या कर्नलला दिसणारं नाव लांब आणि बोलकं हवं. पाच ओळींच्या फेऱ्यात मोजणारा व्हेरिएबल मात्र नुसता ‘आय’ पुरे. घरात ‘बाळ्या’ चालतं, रेशनकार्डावर पूर्ण नाव लागतं.

सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे चुकीतून बाहेर पडण्याचा, आणि नवखे नेमके तिथेच घसरतात.

लग्नासाठी आधी हॉल घेतला, मग केटरर ठरवला, मग बँडवाला गाठला. बँडवाला मिळाला नाही आणि लग्नच पुढे गेलं, तर केटररला नको म्हणायचं, मग हॉल सोडायचा. केटररच मिळाला नसता तर फक्त हॉल सोडायचा. जे घेतलं तेच परत करायचं, उलट्या क्रमाने. कर्नलमधलं ड्रायव्हर, म्हणजे एखादं यंत्र चालवणारा कोड, सुरू होताना हेच करतं: मेमरी घेतं, एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक घेतं, यंत्राची नोंदणी करतं. तिसरी पायरी फसली आणि मेमरी परत द्यायची राहिली, तर ती गळती. दर वेळी थोडी थोडी मेमरी हरवत जाते आणि सर्व्हर तीन आठवड्यांनी कारण न सांगता मान टाकतो. उलट, न घेतलेली वस्तू परत केली किंवा एकच वस्तू दोनदा परत केली, तर दुसऱ्याची मेमरी खराब होते. हल्लेखोर अशाच जागा शोधत असतात.

म्हणून लिनक्समध्ये बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा फंक्शनच्या तळाशी एकत्र, उलट्या क्रमाने मांडतात. चूक झाली की योग्य खुणेकडे उडी मारायची आणि तिथून खाली घरंगळत यायचं. या उडीच्या आज्ञेला गोटू म्हणतात. कॉलेजात ‘गोटू वापरू नका’ असं शिकवतात, इथे तोच गोटू शिस्तीने वापरतात. खुणेचं नाव ती काय करते ते सांगणारं हवं: ‘बफर सोडा’. ‘त्रुटी १’, ‘त्रुटी २’ अशी नावं ठेवली की मध्ये एक पायरी घालताना सगळे आकडे बदलावे लागतात आणि एखादा राहून जातो.

एका पॅचमध्ये एकच काम

‘दोन कामं वेगळी करा’ हा शेरा सर्वांत जास्त रुसवे निर्माण करतो. बग दुरुस्त करताना शेजारची वेडीवाकडी ओळही सरळ केली, यात वाईट काय?

समजा नव्या आवृत्तीत वायफाय तुटायला लागलं. जुनीत ठीक होतं. मधल्या १४,००० बदलांपैकी कुठला दोषी? बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनात यासाठी बायसेक्ट नावाची सोय आहे. ती बरोबर मधला बदल काढून देते, तुम्ही तो चालवून पाहता, दोष दिसला तर त्याच्या आधीचा अर्धा भाग शोधायचा, नाहीतर नंतरचा. दर वेळी निम्मे गळतात. १४,००० बदलांसाठी फक्त चौदा चाचण्या पुरतात. पण एक अट आहे: प्रत्येक बदल स्वतंत्रपणे कंपाइल व्हायला आणि चालायला हवा. मालिकेतला तिसरा पॅच मोडका आणि चौथ्यात दुरुस्ती, असं केलंत तर शोध तिसऱ्यावर येऊन अडकतो. आणि दोषी सापडला तरी त्यात पाच कामं कोंबलेली असतील, तर नेमकं कुठलं उलटवायचं?

पॅचसोबतचा मजकूरही याच कारणाने तपासला जातो. शीर्षकात आधी विभागाचं नाव, मग काय केलं ते, सगळं ७०-७५ अक्षरांत. खाली प्रश्न काय होता, वापरणाऱ्याला काय दिसत होतं, आणि हाच उपाय का. ‘काय बदललं’ हे ओळींत दिसतंच, ‘का’ हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं. जुन्या बदलातला बग असेल तर त्या बदलाच्या ओळखक्रमांकाची निदान १२ अक्षरं आणि शीर्षक देणारी ‘फिक्सेस’ची ओळ घालायची. जुन्या आवृत्त्या सांभाळणारी मंडळी त्या ओळीवरूनच ठरवतात, ही दुरुस्ती मागे कुठवर न्यायची.

शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि तुमचं नाव. ही शोभेची सही नाही. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती जबानी आहे. लिनक्सच्या कोडच्या मालकीवरून कोर्टकज्जे सुरू असताना, २००४मध्ये ही पद्धत आली.

‘हे सगळं मशीनवर का सोपवत नाहीत?’

बरंचसं सोपवलेलं आहे. लिनक्सच्या कोडसोबतच चेकपॅच नावाची स्क्रिप्ट येते. ती पॅच वाचून त्रुटी, इशारा आणि सूचना अशा तीन पातळ्यांवर शेरे मारते. ओळीअंती मोकळी जागा, टॅबऐवजी स्पेस, सही नसणं, हे सगळं ती सेकंदात पकडते. स्पार्स हे साधन प्रकारांची गल्लत पकडतं, उदाहरणार्थ वापरकर्त्याच्या मेमरीचा पत्ता कर्नलचा समजून वापरणं. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतून आलेलं कॉक्सिनेल साधन ‘मेमरी मागितली पण मिळाली की नाही हे तपासलंच नाही’ अशा रचना संपूर्ण कोडमध्ये शोधून बदलूही शकतं. कॉक्सिनेल म्हणजे तिथल्या भाषेत ठिपकेवाला लेडीबग किडा. तो पिकावरचे किडे खातो, म्हणून हे नाव.

ही साधनं कोड न चालवता वाचतात. काही चालवून पाहतात. केसॅन हे मेमरीवर पाळत ठेवणारं साधन चालू ठेवून बांधलेला कर्नल सोडलेल्या मेमरीला कुणी हात लावला की जागच्या जागी ओरडतो. गूगलचा सिझबॉट २०१७पासून कर्नलवर अहोरात्र वेड्यावाकड्या विनंत्यांचा मारा करतो, जसं एखादं लहान मूल लिफ्टची सगळी बटणं एकदम दाबून पाहतं. इंटेलचा टेस्ट रोबोट तर आलेला पॅच निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी बांधून पाहतो आणि मोडला तर थेट लेखकाला कळवतो.

मग माणूस कशाला? कारण मशीनला ‘कसं’ कळतं, ‘कशासाठी’ कळत नाही. लॉक घेतला आणि सोडला, हे साधन पाहील. या जागी लॉकची गरजच नव्हती, किंवा हे काम आधीच दुसऱ्या फंक्शनमध्ये होतं आहे, हे मेंटेनरच सांगू शकतो. चेकपॅचच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं आहे की अंतिम निर्णय माणसाच्या विवेकाचा. शेरा मोडल्याने कोड जास्त वाचनीय होत असेल, तर शेरा मोडावा.

मशीनचं ऐकून झालेला घात

२००६मध्ये डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएल लायब्ररीवर एक साफसफाई झाली. डिजिटल कुलपांच्या किल्ल्या बनवण्यासाठी ही लायब्ररी यादृच्छिक आकडे तयार करते, म्हणजे कुणालाही अंदाज न येणारे. व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं साधन तिथे तक्रार करत होतं की न भरलेली मेमरी वाचली जाते आहे. तक्रार खरी होती. ती मिटवण्यासाठी दोन ओळी निष्प्रभ केल्या गेल्या.

त्यातली एक ओळ सगळा यादृच्छिकपणा एकत्र कालवण्याचं मुख्य काम करत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक, आणि त्याची मूल्यं ३२,७६८. म्हणजे एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्ल्या जगात जेमतेम तितक्याच बनू शकत होत्या. चोराने एवढा जुडगा आधीच पाडून ठेवावा आणि एकेक लावून पाहावी. हे उघडकीला यायला मे २००८ उजाडला, आणि मधल्या काळात बनलेल्या किल्ल्या सगळ्यांना फेकून द्याव्या लागल्या.

साधनाचा शेरा शांत झाला होता, कोड कंपाइल होत होता, चालतही होता. ती ओळ तिथे का आहे, हे सांगणारी ठसठशीत टिप्पणी तिच्या डोक्यावर नव्हती. टिप्पण्यांबद्दल संहिता म्हणते की कोड कसा चालतो हे लिहू नका, तो काय करतो ते लिहा. मी त्यात भर घालेन: जी ओळ चुकीची दिसते पण बरोबर आहे, तिच्यावर कारण लिहाच.

‘मग जुना कोड एकदाच का नाही झाडून घेत?’

दिवाळीआधी घर काढतात तसं, एका रात्रीत सगळ्या फाइली साधनाने सरळ करून टाकाव्यात. काही प्रकल्पांनी केलंही आहे. ओपनएसएसएलने २०१४च्या हार्टब्लीड प्रकरणानंतर, म्हणजे सर्व्हरच्या मेमरीतली गुपितं बाहेर गळू देणारा तिच्यातला बग सापडल्यावर, २०१५च्या सुरुवातीला सगळा कोड एकदम नव्या वळणात आणला. पण त्याची किंमत असते.

पहिली किंमत इतिहासाची. गिटमध्ये प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कुणी आणि का बदलली हे पाहता येतं. एकगठ्ठा साफसफाई झाली की प्रत्येक ओळीपुढे त्या साफसफाईचंच नाव येतं. २०१९पासून गिटमध्ये असे बदल वगळण्याची सोय आली, त्यामुळे दुखणं कमी झालं, संपलं नाही. दुसरी किंमत, जगभर लोकांच्या संगणकावर अर्धवट तयार असलेले पॅच एका रात्रीत बसेनासे होतात. तिसरी, पाच वर्षं जुन्या आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती न्यायची असते, आणि तिथल्या ओळी आता नव्याशी जुळत नाहीत.

म्हणून लिनक्समध्ये मोठी साफसफाई मुंबईच्या रेल्वेसारखी होते. लोकलच्या वायरींत पूर्वी १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता, तो २५,००० व्होल्टच्या एसीवर न्यायचा होता. गाड्या बंद ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणून आधी दोन्ही प्रवाहांवर धावणाऱ्या गाड्या आणल्या, मग तुकड्यातुकड्याने, रविवारच्या ब्लॉकमध्ये मार्ग बदलले. पश्चिम रेल्वेवर हे २०१२मध्ये पुरं झालं, हार्बरवर २०१६मध्ये.

मजकूर एका जागेतून दुसरीकडे नकलणाऱ्या ‘एसटीआरएलकॉपी’ या फंक्शनचं तसंच झालं. ते गंतव्य जागेची मर्यादा पाळत असलं, तरी लांबी मोजण्यासाठी मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचत जाई. मूळ मजकुराला शेवटच नसेल तर भलत्या मेमरीत शिरे. आधी ‘एसटीआरएससीकॉपी’ हे नवं फंक्शन आणलं, काही वर्षं दोन्ही चालली, चेकपॅच जुनं वापरणाऱ्याला टोकत राहिलं, एकेका ड्रायव्हरचे छोटे पॅच येत गेले, आणि शेवटचा वापरकर्ता गेल्यावर २०२४च्या ६.८ आवृत्तीत जुनं फंक्शन काढून टाकलं. सगळ्या कर्नलला एकच लॉक, ही १९९६मध्ये आलेली सोय अशीच जागोजागी सोडवत २०११मध्ये संपली.

एक टिंब, एक बरोबरचं चिन्ह

इतका वेळ चुकांबद्दल बोललो. आता घात करायलाच आलेल्यांबद्दल.

२००३च्या नोव्हेंबरमध्ये लिनक्सच्या कोडच्या एका प्रतिकृतीत कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता तिथे तपासणी होती: वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का? शून्य क्रमांक म्हणजे सर्वाधिकारी. पण तुलनेची दोन ‘बरोबर’ चिन्हं असायला हवीत तिथे एकच होतं. सी भाषेत एक चिन्ह म्हणजे तुलना नाही, मूल्य भरणं. ‘आहे का?’ असं विचारण्याऐवजी ती ओळ ‘कर’ म्हणत होती. वर जादा कंस घातल्याने कंपायलरही गप्प. पकडलं गेलं ते या बदलाची मूळ भांडारात नोंदच नव्हती म्हणून. ‘अटीच्या आत मूल्य भरू नका’ हा आज चेकपॅचमध्ये त्रुटीच्या पातळीवरचा नियम आहे. किचकट वाटणारा नियम कधी कधी दाराची कडी असतो, तो असा.

२०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रकल्पात लपवलेला चोरदरवाजा सापडला. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. तो घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले पॅच पाठवून विश्वास मिळवला होता. मुख्य विष चाचणीच्या फाइलींत आणि प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होतं. पण त्याने केलेल्या आणखी एका बदलात, सुरक्षेची सोय उपलब्ध आहे का हे पाहणाऱ्या छोट्या चाचणी-कोडमध्ये, ओळीच्या सुरुवातीला एक एकटं टिंब होतं. त्या टिंबाने ती चाचणी दर वेळी नापास होई आणि सोय मुकाट्याने बंद राही. एक टिंब! वर्षानुवर्षं एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या माणसाच्या थकलेल्या नजरेला ते दिसणार कसं? शेवटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला आणि तो मागे लागला, म्हणून जग वाचलं. ‘रिकामी जागा काढा’ म्हणणारा मेंटेनर तुम्हाला छळत नसतो. टिंब दिसावं म्हणून तो बाकीचं पटांगण झाडून ठेवतो.

‘आता तर एआय नीटनेटका कोड लिहून देतो’

देतो, आणि अडचण तिथेच आहे. आजवर गबाळा पॅच ही मेंटेनरसाठी खूण होती की इथे जास्त बारकाईने पाहायला हवं. आता टॅब, कंस, शीर्षक सगळं जागच्या जागी असलेला, पण आतून अर्थहीन पॅच मिनिटात तयार होतो. लिहिण्याचा खर्च शून्यावर आला, तपासण्याचा तसाच राहिला. कर्ल या इंटरनेटवर माहिती आणणाऱ्या साधनाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयने लिहिलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांमुळे वेळ कसा वाया जातो, याबद्दल वारंवार उघड तक्रार केली आहे. साधन वापरायला हरकत नाही. पण सहीची जबानी माणसाची असते. मेंटेनरने ‘हा लॉक इथे का?’ विचारलं आणि तुमच्याकडे उत्तर नसेल, तर तो पॅच तुमचा नाही.

पहिला पॅच पाठवताना

लिनक्समध्ये ‘ड्रायव्हर्स’खाली ‘स्टेजिंग’ नावाचा कप्पा आहे. अजून पूर्ण दर्जाला न आलेली ड्रायव्हरं तिथे असतात आणि त्यांच्या कप्प्यांत उरलेल्या कामांची यादी असते. सुरुवात तिथून करा. जी फाइल बदलायची तिच्या आधीच्या बदलांची शीर्षकं पाहा, तिथली लिहिण्याची रीत दोन मिनिटांत कळते. बदल छोटा ठेवा. कर्नल जादा इशारे चालू करून बांधा, शक्य असेल तर त्या यंत्रावर चालवून पाहा. मग चेकपॅच चालवा, आणि ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्टला विचारा की हा पॅच कुणाकुणाला पाठवायचा.

पाठवताना जीमेलच्या वेबपानात चिकटवू नका. ते टॅबचे स्पेस करतं, लांब ओळी मोडतं, आणि पॅच समोरच्याकडे बसतच नाही. कितीतरी पहिले पॅच केवळ यापायी फुकट जातात. गिटचीच ईमेल पाठवण्याची आज्ञा वापरा, साध्या मजकुरात, जोडफाइल न करता. आधी स्वतःलाच पाठवून, आलेला पॅच कोऱ्या प्रतीवर बसतो का ते बघा.

उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर थांबा. नव्या आवृत्तीसाठी बदल आत घेण्याचे दोन आठवडे चालू असतील तर त्याहून जास्त, तेव्हा मेंटेनरला मान वर करायला फुरसत नसते. शेरे आले तर प्रत्येकाला उत्तर द्या, पटला नाही तर का नाही ते सांगा. दुरुस्त पॅच ‘व्ही २’ म्हणून पाठवा आणि मागच्यापेक्षा काय बदललं ते सहीखालच्या तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा. तिथला मजकूर रिव्ह्यू करणाऱ्याला दिसतो, कायमच्या इतिहासात मात्र जात नाही. चार-पाच फेऱ्या झाल्या तरी त्यात वावगं काही नाही, मुरलेल्यांचेही पॅच तितक्या वेळा परततात.